जर्मन खापरपणजोबाचा पाट

माझे चुलते आप्पा मागे दवाखान्यात पडले, तेव्हा मी नारायणगडाला जाऊन त्यांच्यासाठी नारळ फोडला. भावकीत माझं कौतुक झालं. सख्ख्या पोराला सुचलं नाही ते पुतण्याला सुचलं, असं बायका म्हणाल्या. मी गप्प बसलो. गप्प बसणं मला चांगलं जमतं. खरी गोष्ट अशी, की आप्पांनी इतक्यात मेलेलं मला चालणार नव्हतं. चारचौघांत एकदा त्यांची मान खाली गेलेली बघायची, मग काय व्हायचं ते होवो, एवढंच मी गडावर मागितलं होतं.

कारण सांगतो. आमच्या आजोबांच्या दोन बायका. पहिली लग्नाची, तिच्या पोटचे आप्पा. ती वारल्यावर आजोबांनी एका विधवेशी पाट लावला. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. वाजंत्री नाही, वरात नाही, दिवस मावळल्यावर चार माणसांत उरकून घ्यायचं. माझे वडील त्या आजीच्या पोटचे. शेत दोघा भावांना सारखं मिळालं, पंगतीत पाट शेजारी मांडले गेले. पण सोयरीक जुळवायची वेळ आली की कोण लग्नाच्या बायकोचा आणि कोण पाटाच्या, हे लोक बरोबर आठवतात. तोंडावर कुणी बोलत नाही. सोयरे गुपचूप चौकशीला येतात तेव्हा बोललं जातं.

माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, लग्न ठरलं होतं. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. मुलाकडचे दोघं चौकशीला आमच्या गावी आले. गाव शिरूर कासारपासून जवळ. ते आप्पांच्या ओट्यावर चहाला बसले आणि आप्पा त्यांना म्हणाले, "पोरगी लई गुणाची हाय. तेवढी पाटाच्या वंशाची हाय, बघून घ्या."

झालं. मोडलं. वडील आणि मी विचारायला गेलो, तर मुलाच्या मामानं हे वाक्य जसंच्या तसं आम्हाला ऐकवलं. येताना एसटीत वडील खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "घरात बोलायचं न्हाई. पाटाचं गावोगाव झालं तर उद्या तुजंबी जमायचं न्हाई."

माझं जमावं म्हणून आम्ही गप्प बसलो. पण अक्काला काहीतरी सांगावंच लागणार होतं. वडिलांना ते जमेना. मी सांगितलं, "पोराला तुजा रंग पसंत न्हाई पडला." मला चटकन तेच सुचलं. अक्का सावळी होती, म्हणून ते लगेच पटलंही. त्यानंतर ती घरातल्या कुठल्या फोटोत पुढे उभी राहिली नाही. वर्षभरानं तिला आष्टीकडं एका बिजवराला दिली. त्याची दोन पोरं तिनं वाढवली. माझं लग्न चांगल्या घरी झालं.

आप्पांबद्दल माझ्या मनात जे होतं ते मी कुणालाही सांगितलं नाही. त्यांच्या पाया पडायचो, त्यांना पपई नेऊन द्यायचो आणि संधीची वाट बघायचो.

माझा धंदा वंशावळींचा. बीडला तहसिलीसमोर माझं टेबल आहे. मोडी वाचता येते, त्यामुळं अलीकडं कुणबी नोंदी शोधणाऱ्यांची माझ्याकडं रीघ लागलेली असते. म्हणून आप्पांचा मुलगा, आमचा दादा, त्याला अमेरिकेहून माझी आठवण झाली. तो तिकडं कायमचा राहिलेला. त्याच्या पोराचं तिकडच्याच एका मुलीशी ठरलं होतं. लग्न अमेरिकेत, पण सुपारी गावी फोडायची, असा आप्पांचा हट्ट.

"आप्पा म्हनत्यात, पोरीचं मूळ-कूळ काय सांगायचं लोकायला?" दादा फोनवर म्हणाला. "तिचे पूर्वज जर्मन हायत. जर्मन सरदार म्हनून सांगू का?"

"कागद बघावा लागंल."

"बघ की मंग. तुजाच धंदा हाय. जरा चांगलं निघंल आसं बघ."

मी हो म्हणालो. खरं सांगतो, फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते. आप्पांच्या घरात येणाऱ्या नातसुनेचं मूळ-कूळ माझ्या हातात आलं होतं.

ती मुलगी मात्र मला आवडली. व्हिडिओवर दिसायची ती स्वयंपाकघरात, केस वर बांधलेले, मागं आजी खुर्चीत बसलेली. इंग्रजी सावकाश बोलायची, माझ्यासाठी. "काका" तेवढं मराठीत म्हणायची. तिला फक्त एवढंच माहीत होतं, की खापरपणजोबा जर्मनीच्या उत्तरेकडून जहाजानं आला आणि विस्कॉन्सिनमध्ये शेती केली. आजीला मरायच्या आधी त्याच्या घरातली माणसं कळायला हवी होती. जुन्या शिरगणत्या, जहाजाच्या याद्या, चर्चची पुस्तकं, हे सगळं आता घरबसल्या बघता येतं. जर्मन जुनी अक्षरं मोडीसारखीच, लेखणी न उचलता पळवलेली. त्यातलं मला सुरुवातीला एकही लागेना. एकदा तर मी दुसऱ्याच कुणाचा तरी बाप हिच्या पणजोबाला चिकटवला होता. तिनंच तिकडं कुणाला तरी विचारून दुरुस्त केलं.

सरदार वगैरे काही निघाला नाही. खापरपणजोबा एका मोठ्या जमीनदाराच्या वाडीवर मजूर होता. घर मालकाचं, लग्न करायचं तरी मालकाची परवानगी. मी दादाला कळवलं, "आपल्याकडं कोयता घिऊन कारखान्याला जात्यात ना, तसलाच माणूस व्हता."

 दादा म्हणाला, "ते नगं सांगू. नुसतं शेतकरी म्हन."

मला बरं वाटलं. पण तेवढ्यानं माझं पोट भरणार नव्हतं.

मी मुलीला वंशावळ काढून पाठवली. आमच्याकडं काढतात तशीच: बाप, त्याच्याखाली मुलगा, त्याच्याखाली त्याचा मुलगा. सगळीकडं पुरुषच, कारण दाखल्याला बाकीचं लागत नाही. इतकी वर्षं मी अशाच काढत आलो. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तिनं कागद कॅमेऱ्यासमोर धरला होता.

"काका, बायका कुठं आहेत?"

"कोणत्या बायका?"

"या सगळ्यांच्या आया." ती हसायला लागली. "ही माणसं काय एकमेकांच्या पोटातून आली?"

मागं आजीही हसली.  मग मी बायका शोधायला बसलो, आणि बसलो म्हणूनच सापडलं. खापरपणजोबाची पहिली बायको तिकडं पोचल्यावर लवकरच वारली, मूलबाळ नाही. त्यानंतरच्या शिरगणतीत त्याच्या घरात दुसरीच बाई, बरोबर वेगळ्या आडनावाची एक लहान मुलगी. चर्चच्या पुस्तकात त्यांच्या लग्नाची नोंद आणि बाईच्या नावापुढं एक शब्द. तो शब्द मी अक्षर अक्षर लावून वाचला: विधवा. आणि आपली ही मुलगी त्याच विधवेच्या पोटच्या मुलाच्या वंशातली.

मी टेबल सोडून उठलो आणि समोरच्या टपरीवर जाऊन चहा प्यायलो. मग दुसरा प्यायलो. पाट! आप्पांच्या अंगणात, आप्पांच्या नातवाची सोयरीक, आणि तीही पाटाची.

त्या मुलीला मी हे सांगितलं नाही. दर वेळी ती विचारायची, "काका, माझी खापरपणजी सापडली का?" मी म्हणायचो, "शोधतोय." सुपारीचा दिवस येईपर्यंत मला ते झाकून ठेवायचं होतं. मधे एकदा तिच्या मागची खुर्ची रिकामी दिसली. मी विचारलं नाही.

सुपारीला मांडव आप्पांच्या दारात. अख्खी भावकी आलेली. आप्पा गुडघ्यांमुळं खुर्चीवर, नवा फेटा, कानाला यंत्र. मुलगी साडीत, दादाच्या पोराशेजारी पाटावर अवघडून बसलेली. तिचे आईवडील प्रवास झेपत नाही म्हणून आले नव्हते, गावातल्या शाळेच्या गुरुजींनी आणि त्यांच्या बायकोनं तिला मानलेली लेक करून घेतलं होतं. बायकांच्या बाजूला अक्का. मीच तिला आग्रह करून बोलावलं होतं. आपला सूड तिनं बघावा, असं माझ्या मनात होतं.

भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "हां, पोरीकडचं मूळ-कूळ होऊ द्या."

मी उभा राहिलो. हातातला कागद उघडला. "पोरीचा खापरपणजोबा जर्मनीहून अमेरिकेला गेला. दुसऱ्याच्या शेतात मजूर व्हता. पहिली बायको वारली. मंग त्येनं एका विधवेशी पाट लावला. पोरगी लई गुणाची हाय." इथं मी आप्पांकडं बघितलं. "तेवढी पाटाच्या वंशाची हाय, बघून घ्या."

 आप्पांनी कानातलं यंत्र बोटानं दाबलं. मग म्हणाले, "गोऱ्यायत कुठला पाट बे? तिकडं समदी लग्नंच आसत्यात. वाच फुडं."

मांडवभर हसू फुटलं. मागून एकजण ओरडला, "आप्पा, सरदारकी न्हाई तर न्हाई, डालर तर हायत!" दादाही हसला. मुलगी काही न कळून हसली आणि सगळ्यांना हात जोडले.

इतकी वर्षं जपलेला घाव असा हवेत गेला. पुढचं मी ठरवलेलं नव्हतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "गोऱ्या पोरीला चालतंय, मंग माज्या अक्काला कावून न्हाई चाललं, आप्पा?"

हसणं थांबलं. मी सगळं बोललो. ओटा, चहा, ते दोघं सोयरे, ते वाक्य. वडिलांचं एसटीतलं बोलणं सोडून सगळं. बोलताना मला सुख होत होतं, हेही कबूल करतो.

आप्पा ऐकत राहिले. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मी म्हनलं आसंल. मला न्हाई आठवत."

ते खोटं बोलत नव्हते. मी त्यांचा चेहरा ओळखतो. ज्या वाक्यावर मी निम्मं आयुष्य जळत काढलं, ते त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकलं होतं. ज्याला आठवतच नाही त्याची मान कशी खाली घालायची?

तेवढ्यात बायकांतून अक्का उठली. आप्पांकडं तिनं बघितलंही नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुला तवाच म्हाईत व्हतं?"

"व्हय."

"आन् रंगाचं मला कुनी सांगितलं व्हतं?"

तिला माहीत होतं कुणी सांगितलं होतं. सगळ्यांसमोर माझ्या तोंडून तिला ऐकायचं होतं.

"म्या."

 ती वळून म्हाताऱ्याला म्हणाली, "सुपारी फोडा. पोरगी खोळंबलीय." आणि जाऊन मुलीच्या साडीचा पदर नीट करत बसली. सुपारी फुटली. आप्पांनीच फोडली.

जेवणं चालू असताना दादाच्या पोरानं मुलीला सगळं समजावून सांगितलेलं दिसलं. ती माझ्याकडं आली.

"काका, ती सापडली? विधवा होती? मुलगी घेऊन आली होती?" तिचे डोळे चमकत होते. तिच्या लेखी ती बाई शूर होती. मग तिनं विचारलं, "कधी सापडली?"

"झाले काही महिने."

 "आजी आता कुणाला ओळखत नाही," ती म्हणाली. "तेव्हा ओळखत होती." एवढंच बोलून ती अक्काशेजारी जाऊन जेवायला बसली. भाषा कळत नसताना त्या दोघी शेवटपर्यंत एकमेकींना वाढत होत्या. मला कुणी वाढलं ते आठवत नाही.

आप्पांचा राग माझ्यातून गेलेला नाही. ते अजून आहेत, आणि अजूनही गावी गेलो की त्यांचा ओटा बघून माझे दात आवळले जातात. त्यांच्या घरच्या कुणाचा दाखला असला की मी दहा चकरा मारायला लावतो. हे चांगलं नाही, पण आहे ते असं आहे.

अक्का पुढं पंधरा-वीस दिवसांनी बीडला आली. घरी नाही, थेट टेबलावर. लोकांच्या रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर समोरच्या खुर्चीत बसली.

"लोकायच्या वंशावळी लिहितूस," ती म्हणाली. "आता आपली लिही. पाटाच्या आजीसकट. आप्पाचं लिही, आन् तुजंबी लिही. तुजं आदी."

"कशाला अक्का? कोन वाचनार?"

"समदे वाचत्याल. मला तोंड लपवायला लावलं, आता तू तुजं काढ बाहेर." मग पदर सावरत म्हणाली, "मी काय तुला माफ करायला न्हाई आले."

म्हणून हे लिहिलं. परवा आष्टीकडं जाऊन तिला वाचून दाखवलं. ती गहू निवडत ऐकत होती. संपल्यावर तिनं सुपातले खडे बाहेर फेकले.

"आप्पाला लई झोडपलंस," अक्का म्हणाली. "सोताला कमी. पुन्यांदा लिही."