गिटारीची भेग आणि मामांचे दोन डोळे

आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकही वस्तू वेळेवर परत केली नाही आणि एकही वस्तू जोड दिसेल अशी परत केली नाही. पहिल्या गोष्टीला मी साक्षीदार आहे. यवतमाळ ते घाटंजी अशा माझ्या आठ खेपा झाल्या. दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र मला एकदा तोंड उघडावं लागलं, आणि त्याचा शीण त्या आठ खेपांपेक्षा जास्त आहे.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झाले आणि तेव्हापासून घाटंजीच्या घरातल्या पुढच्या खोलीत पेट्या, देव्हारे, चौरंग असं जे येईल ते दुरुस्त करत बसतात. खोलीत खुर्ची एकच आणि तिच्यावर ते. आलेल्याने उभंच राहायचं, चहासुद्धा उभ्यानेच प्यायचा, कारण "उभा माणूस कामापुरतंच बोलते." सरस, म्हणजे लाकूड सांधायची खळ, तापत असला की ते फोन घेत नाहीत. एकदा मामींच्या भावाचा फोन सलग सात वेळा वाजला, मुलीचं लग्न जमल्याचा होता. मामा भांड्यातून काडी न काढता म्हणाले, "जमलेलं लग्न संध्याकायलोक मोडत नाई. सरस थिजते." मोजपट्टीशी तर त्यांचं जुनं वैर. मी आमच्या गिटारीला पडलेल्या भेगेची लांबी तेरा सेंटीमीटर आणि रुंदी मिलिमीटरला थोडी कमी असं कागदावर लिहून नेलं होतं. त्यांनी कागद न वाचता खिशात घातला, मामींकडून तीळ मागवला आणि भेगेत टाकून पाहिला. तीळ आरपार आत पडला. "हे पाहा, तीळ जाते, ज्वारी जात नाई. असं सांगा न, जवाईबापू." तो तीळ गिटारीतून बाहेर काढायला आम्हाला वीस मिनिटं लागली.

गिटार माझ्या बायकोची. ती शाळेत संगीत शिकवते. सव्वीस वर्षं तिच्याकडे हीच गिटार आहे. भेग पडली ती माझ्या शिस्तीमुळे. मे महिन्यात आम्ही लग्नासाठी उमरखेडला नऊ दिवस गेलो, तेव्हा मी रिवाजाप्रमाणे कूलर बंद केला, त्यातलं सगळं पाणी काढलं, टाकी पुसून कोरडी केली आणि खिडक्या लावून घेतल्या. गिटार टिनाच्या छपराखालच्या खोलीत कपाटावर होती. बाहेर पारा पंचेचाळीसवर, आत किती असेल ते मोजायला मी नव्हतो. परत आलो तर वरची फळी पुलापासून, म्हणजे तारा अडकवायच्या पट्टीपासून, खालच्या कडेपर्यंत सरळ रेषेत फाटलेली. बायकोने गिटारीवर फडकं घातलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

मामांनी गिटार मांडीवर घेतली, बोटाने टिचकी मारून कान लावला आणि डॉक्टरसारखं विचारलं, "इले पाणी कवा पाजलं होतं?"

"लाकडाला पाणी?"

"तुमी नऊ दिवस कूलर बंद ठेवला तं तुमीबी तडकले असते. लाकूड तं बिचारं बोलत नाई."

त्यांच्या मते चिकटवायची घाई अडाणी माणूस करतो. आधी लाकडाला ओलाव्यात ठेवायचं, मग ते आपणच फुगून भेग मिटवतं, आणि मिटलेली भेगच सांधायची. म्हणून गिटार न्हाणीत खुंटीला टांगली गेली, खाली पाण्याची बादली, भिंतीवर ओलं पोतं. थेंब अंगावर उडता कामा नये, म्हणून न्हाणीत आंघोळ बंद. तिसऱ्या खेपेला मी गेलो तेव्हा मामी अंगणातच भेटल्या. "एकोणीस दिवस झाले, जवाईबापू. मी शेजारच्या मोरीत आंघोळ करून राह्यली. थे शेजारीण आता मले साबण इचारते." आतून मामांचा आवाज आला, "शेजारणीले सांग, तिळाची जागा बुजली." मी जाऊन पाहिलं. खरोखर भेग मिटली होती. नख फिरवलं तर जेमतेम जाणवत होती.

मग सरस. तो वरून बोटाने चोळून भेगेत उतरवायचा आणि आतल्या बाजूने लाकडाच्या चार पातळ चकत्या आडव्या चिकटवायच्या, म्हणजे भेग पुन्हा उघडत नाही. पण मामांचा हात गिटारीच्या भोकातून जाईना आणि माझा त्याहून जाड. शेवटी मामींचा हात गेला. बांगड्या काढायला त्या तयार नव्हत्या, म्हणून त्या कोपराकडे चढवून वर फडकं बांधलं. मामा बाहेरून सांगत होते, "डावीकडं, अजून, अजून," आणि मामी आतून चाचपत म्हणत होत्या, "मले दिसते काय? छत्तीस वर्षं असंच करून राह्यले, डावीकडं न उजवीकडं." चारही चकत्या बसल्या. ते काम निर्दोष झालं, हे मी आजही सांगेन.

अडचण पॉलिशची होती, आणि ती गिटारीत नव्हती.

त्याआधीच्या हिवाळ्यात मामांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं व्हायचं होतं. तेव्हापासून त्यांचे दोन डोळे दोन रंग सांगत. "उजवा म्हणते पांढरं, डावा म्हणते पिवळं. कोणाचं आयकू?" हे ते हसून सांगत, पण त्यात हसण्यासारखं फार नव्हतं. पांढरकवड्याच्या एका माणसाने पेटी परत आणून दिली होती, डाग दिसतो म्हणून. नोकरीच्या काळापासून चाळीस वर्षांत परत आलेली ती पहिली वस्तू. मामींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्या दिवसापासून त्यांनी चपड्याच्या, म्हणजे पॉलिशच्या लाखेच्या, बाटलीला हात लावला नव्हता. गिटार हाती घेताना ते म्हणाले होते, "इच्यावर ठरवतो. जोड दिसला तं पालिश बंद."

त्यांनी डाव्याचं ऐकलं. उजवा अजून नवा आहे, त्याला कामाची सवय नाही, असं त्यांचं म्हणणं. स्पिरिटमध्ये चपडा विरघळवून, घरच्या कापसाचा गोळा जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून त्यांनी तेवढ्या पट्ट्यावर पाच दिवस हात फिरवला. दर हातानंतर डावा डोळा जवळ नेऊन पाहायचे आणि उजवा तळहाताने झाकायचे.

आठव्या खेपेला बायको बरोबर होती. मामांनी गिटार खिडकीशी उजेडात धरली आणि तिच्याकडे न पाहता मला म्हणाले, "पोरगी तं छानच म्हणन. तुमी सांगा. तुमी खोटं बोलत नाई, म्हणून तुमाले इचारतो. दिसते काय?"

दिसत होतं. सांध्यावर बोटभर रुंदीचा पट्टा बाकीच्या फळीपेक्षा स्पष्ट पिवळा होता, हळद लागल्यासारखा. बायकोने मामांच्या मागून मान हलवली. नाही म्हण, असं. मामी दाराशी उभ्या होत्या, त्याही माझ्याकडे पाहत होत्या. मी आयुष्यभर अचूकपणाचा आग्रह धरला आणि त्याचा असा उपयोग होईल, असं कधी वाटलं नव्हतं.

"रंग दिसतो, मामा," मी म्हणालो. "पिवळा झाला आहे. तेरा सेंटीमीटर, पूर्ण."

त्यांनी डावा डोळा झाकून उजव्याने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग गिटार मांडीवर ठेवली आणि कापसाचा गोळा खिडकीतून अंगणात टाकला, रागाने नाही, खरकटं टाकतात तसा.

"डोळे मिटून हात लावून पाहा," मी म्हणालो. मलाच माहीत नव्हतं मी हे का म्हणतोय. "जोड कुठे आहे ते मला सांगा."

"मीच केला न बाप्पा. मले ठाऊक नाई काय?"

"सांगा तरी."

मामांनी दोन्ही डोळे मिटले. अंगठ्याशेजारचं बोट फळीवर ठेवलं आणि पुलाखालून आडवं ओढलं. बोट पिवळ्या पट्ट्यावरून पलीकडे निघून गेलं. परत आलं, पुन्हा गेलं, मग हळू, मग नख टेकवून. सांध्याच्या एक इंच पुढे ते बोट थांबलं.

"इथं," मामा म्हणाले.

त्यांनी केलेला जोड त्यांच्याच बोटाला लागला नव्हता; तो चुकलेला इंच मात्र मी सांगितला नाही. बायको मागून पुढे येऊन त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली, तिने हात पुढे करून ते बोट आपल्या हातात घेतलं.