दोरीवरची तीन बाळोती

१९३१ सालच्या मार्गशीर्षात माझ्या दीड महिन्याच्या मुलीने सलग पाच दिवस शी केली नाही. मुंबईची आगबोट सोडून छोट्या पडावातून रत्नागिरीच्या बंदरात उतरताच थोरल्या मेहुण्याने मला ही बातमी दिली. मुलगी मी अजून पाहिलीही नव्हती. ट्रंक त्याच्याकडे देऊन मी सासुरवाडीची चढण जवळजवळ पळतच चढलो.

बाळंतिणीच्या खोलीत ओव्याच्या धुरीचा वास होता. मुलगी जागी होती. तिने माझ्याकडे, निदान माझ्या दिशेने, पाहिले आणि मूठ तोंडात घातली.

"बघा, भूक आहे," सासूबाई म्हणाल्या. "अंगावरचं पुरत नाही. पुरत असतं तर पाच दिवस पोट असं गप्प बसलं असतं? उद्या नऊपर्यंत वाट बघते. मग गाईचं दूध सुरू." बाळाला दूध पाजायचे बोंडले घासून कोनाड्यात तयार होते.

वडीलधाऱ्यांसमोर पत्नी माझ्याशी थेट बोलत नसे. ती मुलीला म्हणाली, "सांग गो तुझ्या बाबांना, तू भरपूर पितेस. बोंडल्याची सवय लागली की आईचं सोडशील." ती रडत होती, पण वाक्य तिने पुरे केले.

मी वर्तमानपत्रात बाजारभाव आणि बोटींच्या वेळा लिहीत असे. आकडा हाती आल्याशिवाय ओळ छापायला जात नसे. मुलगी किती वेळा पिते, विचारले. "रडली की." बाळोती किती भिजतात? कोणी मोजली नव्हती. मग मीच अकरा वाजल्यापासून दर तासाला मागच्या अंगणातल्या दोरीकडे जाऊन आलो. संध्याकाळी पाचपर्यंत तिथे तीनच बाळोती होती.

मी डॉक्टरांना घेऊन आलो आणि आकडा सांगितला.

"दिवसभरात तीन?" ते म्हणाले. "मग दूध खरंच कमी पडतंय."

पत्नीने मुलीला जवळ ओढले. तिच्या बाजूने बोलायचे, तर माझाच आकडा आड येत होता.

शेक द्यायला आलेली म्हातारी सुईण दारात थांबली. "तीन कुनी मोजली?"

"मी."

"दोरीवरची?"

"हो."

"अवो जावयबापू, समदी बाळोती दोरीवर कोन घालतंय? पोरीला नजर लागंल. आल्यागेल्यानं बघायला तीन. बाकीची न्हाणीघरात."

आम्ही न्हाणीघरात गेलो. पाणी तापवायच्या चुलीवर आडव्या बांबूला बाळोती सुकत होती. सकाळपासूनची नऊ. ही रीत सासूबाईंचीच होती.

"मग मला सांगितलं का नाही?" मी सासूबाईंना विचारले.

"मला काय ठाऊक तुम्ही मोजताय ते? मला वाटलं, बोटीत पाय आखडले म्हणून फेऱ्या मारताय."

डॉक्टरांनी मुलीचे पोट दाबून पाहिले. मऊ होते. "नऊ आणि तीन, बारा. दूध पुरतंय. अंगावर पिणारं मूल कधीकधी आठवडाभरही शी करत नाही. वरचं काही देऊ नका."

"मी नऊ म्हटलंय," सासूबाई म्हणाल्या. "नऊपर्यंत थांबते."

सकाळी आठला सगळे घर खोलीच्या दाराशी होते. साडेआठला सुईणीने मुलीला तेल लावून न्हाऊ घातले. काही नाही. पावणेनऊ. सासूबाई दूध तापवायला उठल्या. तेवढ्यात मुलीचा चेहरा लाल झाला आणि तिने पाय पोटाशी घेतले.

"सगळे गप्प राहा," पत्नी म्हणाली. मी काहीतरी बोलू लागलो होतो. "तुम्हीसुद्धा."

आठ वाजून त्रेपन्न मिनिटांनी मुलीला शी झाली. पिवळी, पातळ, सुईणीच्या लुगड्यापर्यंत पोचलेली. सुईण हसतच सुटली. मेहुणा ओसरीवरून शेजारच्यांना हाका मारू लागला. मी वेळ लिहून घेतली. अक्षर वेडेवाकडे आले. सासूबाईंनी चुलीवरचे दूध उतरवून त्याचा सगळ्यांना चहा केला.

चार बाळोती लागली. मुलगी वीस मिनिटे आईच्या अंगावर प्यायली आणि साडेनऊला झोपली.