बारीकच सांगायचं

माझी बदली त्या चौकीवर झाली तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. चौकी उत्तरेला, बर्फात. नाव सांगत नाही, सांगून तुम्हाला काही कळणारही नाही. आम्ही अकरा जण होतो. मी नायक, रेडिओ ऑपरेटर. घर अंबरनाथला, बुवापाड्यात. ऐंशीचं दशक संपायला आलं होतं. वेळा तुमच्या घड्याळातल्या सांगतो, आमच्या चोवीस तासांच्या घड्याळाने सांगितल्या तर लोक बोटांवर वजाबाकी करत बसतात.

पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे प्रत्येकाने हत्यार घेऊन आपल्या जागी उभं राहायचं. मग चहा, शस्त्रांची सफाई, वायरलेस सेटवर रिपोर्ट, पहारा. संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. पाणी नव्हतं. रोज एकाने कुदळीने बर्फ फोडायचा, डब्यात भरून आणायचा आणि रॉकेलच्या स्टोव्हवर वितळवायचा. अकरा माणसांच्या पाण्याला चार तास लागत. त्या धुराने नाकातून दोन दिवस काळं येई. गोळीला न घाबरणारे जवान या ड्युटीला घाबरायचे.

आमचे पोस्ट कमांडर सुभेदार साहेब साताऱ्याकडचे. बोलणं कमी, मिशी जास्त. त्यांनी एक नियम केला होता. संध्याकाळच्या स्टँड-टूनंतर प्रत्येकाने दिवसभरात मनाला बरं वाटलेली एक गोष्ट सांगायची. अट एकच.

"बारीक पाहिजे. रजा, प्रमोशन, पोरगं झालं, असलं मोठं चालणार नाही. मोठं सांगेल त्याच्याकडे उद्याचा बर्फ."

मोठ्या गोष्टी महिन्यातून एकदा येतात, मधले एकोणतीस दिवस माणसाने काय करायचं, असा त्यांचा हिशेब होता. तेव्हा मला हा पोरखेळ वाटला. मी स्वभावाने कुरकुऱ्या. माझी पाळी आली की म्हणायचो, "काही नाही साहेब." काही नाही म्हणणाऱ्यालाही बर्फच होता. पहिल्या पंधरा दिवसांत सात वेळा मी बर्फ आणला.

या खेळातला उस्ताद होता लान्स नायक काशिनाथ भोईर. बदलापूरच्या पलीकडच्या गावचा, भातशेतीवाल्यांच्या घरातला. दोन स्टेशनांमधलं अंतर सोडलं तर आम्ही शेजारीच, म्हणून आमचं भांडणही शेजाऱ्यांसारखं चाले. त्याच्याकडे गोष्टींचा तोटा नसे. "आज बुटाची गाठ पहिल्याच ओढीला सुटली." "खिशात हात घातला तर कालचा काजू सापडला." "साहेब शिंकले नि त्यांच्या मिशीवरचा बर्फ पडला." शेवटच्या गोष्टीला बर्फाची शिक्षा व्हायला हवी होती, पण साहेब हसले.

मी त्याला म्हणायचो, "तू हे सगळं आदल्या दिवशी बनवून ठेवतोस."

"नाय रं. तुझंच लक्ष नसतं. तुझ्या डोक्यात कायम मोठं चाललेलं."

पलटण एकच, त्यामुळे ओळख जुनी. त्याआधीच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे एकाच वेळी रजेवर होतो. त्याने मला उल्हासनगरला नेलं. मला वाटलं, याला बायकोसाठी साडी घ्यायची असेल. हा एका सिंधी कापडवाल्याच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. शेटने पट्टीने कापड मोजलं, कडेला कात्रीने एक चीर दिली आणि कात्री न मिटता तशीच पुढे ढकलली. सर्रर्र करून कापड एका दमात दुभंगलं. काशिनाथ डोळे मिटून उभा होता.

शेट म्हणाला, "क्या दिखाऊँ, साईं?"

"कुछ नाय शेट. खाली आवाज सुनताय."

शेटने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाचं कापड फाडताना मुद्दाम जरा हळू कात्री चालवली. आम्ही तिथे अर्धा तास होतो. मला लाज वाटत होती, हे कबूल करतो.

फेब्रुवारीत काशिनाथची पाळी पुढच्या चौकीवर लागली. पुढची चौकी म्हणजे आमच्या वर तासाभराच्या चढावर दोन माणसांचा एक बंकर. जायची-यायची वाट बांधलेल्या दोराला धरून. तिथल्या दोघांशी आमचं बोलणं सेटवर. संध्याकाळचा रिपोर्ट झाला की दोघे आपापली बारीक गोष्ट सेटवरच सांगत.

त्याच्या पाळीच्या शेवटच्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टर डाक टाकून गेलं. त्यात काशिनाथची तार होती. मुलगी झाली, दोघी सुखरूप. तार मी उघडली, कारण तारा उघडून वाचून दाखवणं हे माझंच काम. मी सेटकडे हात नेला तर साहेबांनी अडवलं.

"उद्या तो दोरावरून उतरणार आहे. दोरावरच्या माणसाला मोठी बातमी द्यायची नाही. पाय जमिनीवर असतो, डोकं घरी जातं."

हा आमच्याकडचा जुना रिवाज होता, चांगली बातमी असो की वाईट. तार मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. दुपारी एकच्या सुमारास काशिनाथचा जोडीदार रॉकेल न्यायला खाली आला. त्यालाही सांगितलं, वर जाऊन तोंड उघडायचं नाही. तो चहा पीत बसला होता.

दोन वाजून वीस मिनिटांनी वरून आवाज आला. तो आवाज कसा असतो हे मला अजून नीट सांगता येत नाही. बाहेर आलो तेव्हा वर सुटलेल्या बर्फाचा पांढरा धुरळा होता आणि बंकर दिसत नव्हता.

सेटवर मी हाका मारत होतो. पंधरा मिनिटं काही नाही. मग त्याचा आवाज आला.

"काशी बोलतोय. कंबरेपर्यंत गाडलोय. वर छपराचा पत्रा हाय, म्हणून हवा हाय. पाय समजत नाय. ओव्हर."

साहेब पाच जणांना घेऊन निघाले. एरवीचा तासाचा चढ, पण दोर बर्फाखाली गेला होता, नवा बांधत जायचं होतं. निघताना मला म्हणाले, "त्याचा डोळा लागू देऊ नकोस. लागला की संपलं. बोलत राहा."

"साहेब, तार?"

त्यांनी दोर खांद्यावर घेतला. "बारीक आहे तोवर बारीक सांग. बारीक संपलं की मग तार."

मी सेटसमोर बसलो. त्याला जागं ठेवायचं होतं आणि सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तीन महिने मी "काही नाही" म्हणत आलो होतो. मला भीती वाटली. त्या चौकीवर मला खरी भीती वाटली ती तेव्हाच.

"काशी, झोपायचं नाही. ओव्हर."

"मग सांग कायतरी. बारीक. ओव्हर."

मी म्हणालो, "आमच्या चाळीच्या नळाला पाणी यायच्या आधी नुसती हवा येते. फुस्स करते. तो आवाज आला की सगळ्या बायका घागरी घेऊन धावतात. पाण्यापेक्षा त्या फुस्सचंच बरं वाटतं. ओव्हर."

"हे तीन महिने कुठं व्हतं? ओव्हर."

"ठाऊक नाही. ओव्हर."

मग एकेक निघत गेलं. बाबा कंपनीतून परत येत तेव्हा जिन्यावर त्यांच्या डब्यातला चमचा वाजे. चमचा वाजला म्हणजे डबा रिकामा, म्हणजे बाबा पोटभर जेवलेत. आई ते ऐकूनच पुढचा स्वयंपाक करी. एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी सगळी आळी घरांना चुना काढी, तो ओला वास. पाववाल्याच्या सायकलवरच्या टोपलीचा कपडा बाजूला झाला की तोंडावर येणारी वाफ. शेजारच्या काकूंची मांजर शिलाई मशीनवर झोपे, आणि तिला उठवायचं नाही म्हणून काकू हाताने शिवत. मी बोलत होतो आणि मलाच नवल वाटत होतं. हे सगळं माझ्या घरचं होतं आणि मी कधी पाहिलं नव्हतं.

तो मध्येमध्ये "रॉजर" म्हणे. साडेतीनला एकदा हसला. पावणेचारला म्हणाला, "कात्रीचं सांग."

मी कापडाच्या दुकानाचं सांगितलं. शेटने कात्री हळू चालवली होती तेही सांगितलं. सर्रर्र असा आवाज तोंडाने काढून दाखवला. कडेला बसलेला जोडीदार, जो खरं तर वर त्याच्याबरोबरच असता, खाली मान घालून रडत होता.

सव्वाचारनंतर काशिनाथची उत्तरं उशिरा येऊ लागली. मग फक्त बटणाचा खट् आवाज यायचा. मग तोही नाही. मी पाववाल्याचं दुसऱ्यांदा सांगितलं. माझ्याकडचं बारीक संपलं होतं.

मी तार काढली. वाचायची गरज नव्हती, तरी वाचली.

"काशी, ऐक. मुलगी झाली तुला. दोघी सुखरूप. सकाळीच तार आली. ओव्हर."

मी घड्याळ पाहत होतो. चार वाजून अडतीस मिनिटं. एक मिनिट गेलं असेल. मग बटण दाबलं गेलं. आवाज अगदी बारीक, पण स्पष्ट होता.

"मोठं चालत नाय. उद्याचा बर्फ तुझा. ओव्हर."

त्यानंतर काही आलं नाही. मी बोलत राहिलो. साहेब पाच वाजून दहा मिनिटांनी पोहोचले. सेट त्याच्या छातीशी होता आणि उकरताना त्याचं बटण दाबलं गेलं, त्यामुळे साहेबांनी त्याला हाक मारली तीही मला ऐकू आली.

एप्रिलमध्ये मी रजेवर त्याच्या गावी गेलो. त्याची बायको सुमन बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने एकच विचारलं, "त्यांना कळलं होतं का?"

"कळलं होतं."

"काय म्हणाले?"

ओसरीवर सगळं गाव बसलेलं. आता बर्फाचं काय सांगायचं, असं मला वाटलं. शहीद जवानाच्या तोंडी शोभेल असं मी म्हणालो, "फार आनंद झाला, म्हणाला. मुलीला देशसेवा शिकवा, म्हणाला."

लोकांनी माना डोलावल्या. सुमनने माझ्याकडे पाहिलं. "असं ते बोलायचे नाहीत," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी चूक केली हे मला तिथेच कळलं, पण बोललेलं मागे घ्यायची हिंमत झाली नाही. गोळीपुढे उभा राहणारा माणूस ओसरीवर घाबरतो, हे मी तेव्हा शिकलो.

नव्वदच्या दशकात मी पेन्शनवर घरी आलो. बदलापुरात भाताच्या खाचरांवर इमारती उठत होत्या. काशिनाथच्या घरी वर्षातून एकदा जायचा माझा नेम होता. मुलगी पाचवीत गेली त्या वर्षी तिला शाळेत वडिलांवर निबंध होता. वही घेऊन समोर बसली.

"काका, पप्पा शेवटी काय बोलले? आई म्हणते तुम्हाला माहितीये, पण तुम्ही सांगत नाही."

आत भांड्यांचा आवाज चालला होता. मी सांगितलं. बारीक गोष्टींचा नियम, बर्फाची शिक्षा, कात्री, पाववाला, तार. आणि त्याचं ते वाक्य, जसंच्या तसं, ओव्हरसकट.

भांड्यांचा आवाज थांबला होता. सुमन दारात उभी होती.

"परत सांगा," ती म्हणाली.

"मोठं चालत नाय. उद्याचा बर्फ तुझा."

ती हसली. पदर तोंडाला लावून, दाराला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आईला असं हसताना मुलीने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं, ती वही विसरून बघत राहिली.

"हे त्यांचं," सुमन म्हणाली. "हे खरं त्यांचं." मग डोळे पुसून तिने विचारलं, "आणलात का मग बर्फ?"

"आणला. दुसऱ्या दिवशी पहाटे. साहेब म्हणाले आज राहू दे, पण मी गेलो."

"किती?"

"अकरा जणांचा," मी म्हणालो. "वितळवून झाल्यावर लक्षात आलं."