हुंगलेल्या हायसिंथची गोष्ट

मित्रमैत्रिणींनो, हायसिंथ हे थंड देशातले सुवासिक फूल; आमच्या रेवदंड्याची थंडी त्याच्या कंदाला फुलायला पुरत नाही. म्हणून मी तो आधी कित्येक आठवडे फ्रिजमध्ये ठेवला आणि मग खिडकीत, पाण्याच्या पेल्यावर. आज सकाळी त्याचा जांभळा तुरा पूर्ण उमलला.

तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. "अगो बाई, काय देखणं फूल गं! आज मार्गशीर्षातला गुरुवार, माझ्या घटावर काय शोभेल! कात्री आण बघू."

"न्या की, विचारायचं काय त्यात?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

कंदाला तुरा एकच आला होता. पण मोठ्यांना 'नको' म्हणणे मला आजवर जमलेले नाही. हुंगलेले फूल देवाला वाहत नाहीत, एवढे मात्र आठवले. मी कात्री आणली आणि ती काकूंच्या हाती देण्याआधी वाकून नाक तुऱ्यापाशी नेले.

"अगो, हुंगलंस? आता देवीला कसं चालायचं?"

"सदा पुस्तकात डोकं, एवढंही कळत नाही हिला," आई म्हणाली. काकू विरजण आणि अंगणातली शेवंती घेऊन गेल्या.

त्या गेल्यावर माझ्या ध्यानात आले, की भीतीने मी श्वास रोखून धरला होता. वास घेतलाच नव्हता. म्हणजे फूल अजूनही देवीला चालण्याजोगे आहे आणि काकूंची पूजा दिवेलागणीला असते.

माझ्या जागी तुम्ही असता, तर आता काय केले असते?