कोनाड्यातली विडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. देवापुढं हात जोडतानाही हा विषय मी गुपचूप टाळून पुढं जाते. मग तुम्हालाच का सांगतेय? — तुम्ही आमच्यातल्या कुणाला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी माझा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी भारी चौकस. शेजारणीच्या चुलीवर काय शिजतंय, ते झाकण उचलून बघणारी. मुंग्यांची रांग बोटानं पुसली तर त्या काय करतात, हे बघत मी भाकरी करपवलेली आहे. आई म्हणायची, "हिला देवानं दोनच डोळं दिलं, ह्ये बरं झालं." यात वाईट काय? — मलाही तसंच वाटायचं.

देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. माझं सासर वरवंडला आणि माहेर दौंडला, रेल्वेच्या चाळीत. धाकटा भाऊ नामदेव इंजिनात कोळसा घालायच्या कामावर होता. त्याची बायको तुळसा कवठ्याची. आम्ही धनगरच, पण आमची मेंढरं आजोबांबरोबर संपली. तुळसाचं लहानपण मात्र मेंढरांमागंच गेलेलं. रानातल्या थंडीत आजीची विडी ती पेटवून द्यायची, आणि द्यायच्या आधी एक झुरका स्वतः मारायची. अशी लागलेली विडी. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडंच ठरलं आणि आईनं मला मदतीला बोलावून घेतलं.

मुलगी झाली. नर्सबाई घरी बघायला आल्या, तेव्हा त्यांना विडीचा वास आलाच. पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाळाच्या एवढ्याशा छातीला धूर सोसत नाही गं. सोडशील?" तुळसानं लेकीच्या छातीवर हात ठेवला. मग पाचवीला सटवाईची पूजा मांडली, तर पाट्यावर हळदीकुंकवाशेजारी तिनं एक विडी ठेवली. म्हणाली, "ही शेवटची. लेकीच्या छातीसाठी." नामदेवनंही घरात विडी न ओढायची शपथ घेतली; त्याच्या विड्या खिशातच राहू लागल्या.

पूजेचं सगळं भीमेत सोडायला मी गेले. सगळं सोडलं, फक्त विडी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. का ठेवली? देवीला वाहिलेल्या विडीचं पुढं काय होतं, असलं काहीतरी डोक्यात आलं असेल. माझं मलाच नीट सांगता येत नाही.

नर्सबाईंनी मला बजावलं होतं, जेवण झालं की तलफ उठते, तेव्हा हिचं तोंड रिकामं ठेवू नका. म्हणून तिचा हात वाळायच्या आत मी ओवा-शेपा घातलेला विडा पुढं करायची आणि वरवंडच्या बाजारातल्या गप्पा लावून द्यायची. तुळसाला तलफ उठली की ती माझा पदर मुठीत घट्ट धरायची — हो, तोच पदर. मग हळूहळू मूठ सैल व्हायची आणि ती हसून म्हणायची, "गेली बया एकदाची." दिवसागणिक ती टवटवीत दिसायला लागली. सगळी चाळ म्हणू लागली, नणंद असावी तर अशी. मला ते फार गोड लागलं. खोटं कशाला बोलू?

आणि तिथंच डोक्यात किडा वळवळला. हिला आवरतंय कोण? विडा? मी? की ही स्वतःच? विडा नसला, मी नसले आणि विडी हाताशी असली, तर — काय करील ही?

येते, त्याच गोष्टीवर येते.

एका दुपारी ती न्हाणीत असताना मी पदराची गाठ सोडली आणि ती विडी तिच्या बाजेशेजारच्या कोनाड्यात ठेवली. जेवण झाल्यावर म्हटलं, "पानं संपली, शेजारून आणते." बाहेर पडले आणि खिडकीआड उभी राहिले. बाजेखाली शेकाची शेगडी होती, तिच्यात निखारे होते.

तिची नजर कोनाड्याकडं गेली. तिनं विडी उचलली, नाकाशी धरली — आणि परत ठेवली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! तेव्हाच आत जायला हवं होतं. पण मला पुढचं बघायचं होतं. तिनं पाळणा हलवला. दाराकडं तोंड करून हाक मारली, "वन्सं, मिळाली का पानं?" मी भिंतीला आणखी चिकटले. तिनं पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. पालथ्या हातानं डोळे पुसले. "वन्सं, या की वो लवकर." मी चार हातांवर उभी होते. ओ दिली नाही.

मग ती शेगडीशी वाकली.

तेवढ्यात आई आली. धूर बघून तिनं आधी पाळण्यातलं लेकरू उचललं. "तुळसे, लेकरू पाजतीस आन् विडी वढतीस? कुठनं आनलीस?" तुळसाला वाटलं असणार, नामदेवच विडी कोनाड्यात विसरून गेला. त्याला बोलणी बसू नयेत म्हणून ती म्हणाली, "म्याच घेतली, त्यांच्या खिशातनं."

मी तोवर दारात पोचले होते. "मी ठेवली," एवढंच म्हणायचं होतं. मी काय केलं? — कपाळावर हात मारून घेतला. सगळ्यांना दिसेल असा.

खिशात हात घालते म्हणून नामदेव तिच्याशी कित्येक दिवस बोलला नाही. विडी परत आली, ती कायमची. पुढच्या बाळंतपणाला मी येते म्हटलं, तर तुळसा म्हणाली, "तुमी या वन्सं, पर विडीचं नगं. माझ्यानं व्हत न्हाई, बगितलं की आपुन." तिसऱ्या वेळी मी विचारलंच नाही.

तुळसा आता नाही. शेवटच्या आजारात मी भेटायला गेले, तर माझा हात धरून म्हणाली, "वन्सं, तुमी लई केलं माझ्यासाठी. माझ्यातच जोर न्हवता." मी हात तसाच तिच्या हातात राहू दिला आणि मान हलवली.

जोर होता. हातात घेतलेली विडी तिनं दोनदा परत ठेवली होती आणि दोन्ही वेळा मला हाक मारली होती. ते बघणारी मी एकटीच होते. तिला मी ते कधीच सांगितलं नाही.