साखरपुड्याच्या दिवशी चाचांनी इंजिन खोललं

दोस्तांनो, गॅरेजवरून सरळ हिंगोलीच्या या सायबर कॅफेत येऊन बसलोय. हात अजून काळेच आहेत.

माझा जिच्यावर जीव आहे, तिचा आज सेनगावात साखरपुडा होता. भंगारातून उचलून सहा महिने घडवलेली माझी आरएक्स मोटारसायकल घेऊन मी मांडवात घुसणार होतो. सगळ्यांसमोर तिला ‘चल’ म्हणणार होतो. आवाजासाठी सायलेन्सरही कापला होता.

सकाळी आमचे मिस्त्री रहीमचाचा म्हणाले, “थांब. पिस्टनच्या रिंगा गेल्यात.” मी काही बोलायच्या आत त्यांनी इंजिनचं हेड खोललं.

मी पाना फेकला, नको ते बोललो.

“काहून ओरडून राहिला? पिस्टनवरचा कार्बन खरवड.”

दुपारभर खरवडत बसलो. मधेच रडलोही. चाचांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

सहा वाजता त्याच जुन्या रिंगांवर गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

“चाचा, मग खराब काय होतं?”

“गाडीत? काहीच न्हाई, बेटा.”

तोवर साखरपुडा उरकला होता. तिचा दिवस माझ्या हातून नासला नाही.

कॉलेज सोडलं तेव्हाही याच माणसानं मला कामाला लावलं होतं. उद्या त्यांना थँक्यू म्हणायचंय, पण तोंड उघडत नाही. तुमी तुमच्या उस्तादाला कसं म्हणता?