खिडक्या कमी करतंय कोण?

हसायचं नाही अशी शपथ घेत असाल तरच सांगतो. घेतली? तोंडं बघूनच कळतंय खोटी आहे, पण असू दे. चहा येईपर्यंत सांगून टाकतो.

आमची कंपनी राजारामपुरीत. दूध संकलनाचं ॲप चालवतो आम्ही. गावोगावच्या डेअरीत दूध घातलं की त्याची नोंद आमच्याकडं येते. ॲपच्या पोटात सतराशे साठ छोटे प्रोग्रॅम, क्लाउडवाल्यांच्या भाड्याच्या मशिनांवर चालणारे. ह्याला त्याच्याशी बोलायचं असेल तर आधी त्याचा पत्ता विचारावा लागतो. नाव सांगा, पत्ता घ्या. एसटी स्टँडवर चौकशीची खिडकी असते ना, तसंच. गर्दी झाली की खिडक्या वाढवायच्या, नाहीतर रांग लागते आणि सगळं ठप्प.

आणि ह्या खिडक्या वाढवणारा माणूस कोण? अस्मादिक! साहेब येईल त्याला सांगायचे, "इलासराव हाय म्हणून चाललंय आपलं." माझी छाती शर्टात मावायची नाही.

मग आली तेजस्विनी. पोरगी आजऱ्याकडची, पुण्यात नोकरी करून परतलेली. आल्या आल्या म्हणाली, "हातानं कशाला करताय दादा? संध्याकाळच्या दुधाला मशिनं आपोआप वाढत्यातच की. त्या हिशोबानं खिडक्याबी आपोआप वाढू देत." आणि नुसतं म्हणाली नाही, बसवून टाकलं!

साहेब खूश. म्हणाले, "टीम लीड कोण ते सोमवारी सांगतो. पर कुणी हात न लावता हे चालतंय का, तेवढं मला बघू दे."

टीम लीड! ती खुर्ची मी मनातल्या मनात कधीच पुसून ठेवली होती. अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता! मी जळत होतो, स्पष्टच सांगतो. तिनं घरचे काजू पुढं केले तरी मला वाटायचं, ही मला डिवचतेय.

त्यात शनिवारी तिच्या गावची जत्रा. सगळ्या ऑफिसला मटणाचं आवतण. आता जत्रेचं आवतण आपल्याकडं कोण मोडतं का? मी मोडलं! "कुणीतरी जागेवर पाहिजे की," म्हणालो आणि एकटाच ऑफिसात बसलो. खरा डाव वेगळा होता. सगळे पंगतीत असताना खिडक्या कमी पडणार, मी हातानं वाढवणार, आणि साहेबांना माझी किंमत कळणार.

मशिनं किती, खिडक्या किती, हे ऑफिसात भिंतीवरच्या टीव्हीवर दिसतं. दुपारी बघतो तर खिडक्या फक्त दोन! मी लगेच बारा केल्या. पाणी पिऊन येतोय तोवर परत दोन! पुन्हा बारा केल्या. मिशीवरून हात फिरवतोय तोवर दोन!

माझं डोकंच फिरलं. म्हणजे ही बया जत्रेत बसून मोबाईलवरनं माझ्या खिडक्या बंद करतेय! फोन लावला तर उचलेना. उचलेल कशी? खिडक्या बंद करण्यातनं सवड पाहिजे ना!

सगळ्यांच्या खात्यांची किल्ली माझ्याकडं. मी तिचं खातंच बंद केलं. ये म्हटलं आता आत! खिडक्या केल्या बारा. बघतो तर दोन!

तुम्ही असता तर इथं तुम्हाला शंका आली असती. मला आली नाही. मला वाटलं, हिनं पंगतीत शेजारी बसलेल्या आमच्या ऑफिसातल्या संतोषचा मोबाईल घेतला असणार. संतोषचं खातं बंद. तरी दोन! मग एकेक करत अख्ख्या ऑफिसची खाती बंद केली. शेवटी साहेबांचंसुद्धा! तरी दोन!

आता उरलो मी एकटा. म्हणजे बयेनं माझाच पासवर्ड ढापला! खिडक्या बारा करून ठेवल्या आणि रागाच्या भरात स्वतःचंही खातं बंद केलं. खुर्चीला टेकून म्हणालो, "कर आता काय करतीस ते!"

टीव्हीवर आकडा हलला. दोन.

मी साहेबांना फोन लावला. मागं हलगी वाजत होती.

"साहेब, ती तेजस्विनी खिडक्या कमी करतीया!"

"कोण? तेजस्विनी?" साहेब ओरडले. "अवो, एका हातात भाकरीची बुट्टी, एका हातात रश्शाची बादली घिऊन पंगतीत फिरतीया ती! खिडक्या काय पायानं कमी करतीया?"

फोन स्पीकरवर होता. अख्खी पंगत हसली. त्यातनं तिचा आवाज आला, "दादा, मी काय केलो न्हाई वो! त्ये आपोआप हुतंय. मशिनं किती हायत बघतंय आन् तेवढ्यापुरत्या खिडक्या ठेवतंय. दुपारच्याला दोन पुरं की. तुम्ही बारा केलासा तर त्ये परत दोनच करणार."

म्हणजे दुपारभर मी भांडलो कुणाशी? एका प्रोग्रॅमशी! आणि त्या बिचाऱ्याला भांडण चालू आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

"थांबा, मीच बघतो मोबाईलवर," साहेब म्हणाले. "आरं, मला आत घेईना की हे!"

सांगावं लागलं. सगळ्यांची खाती बंद. साहेबांचं बंद. माझंही बंद.

"इलासराव! आन् सांजच्या दुधाचं काय वो?"

सांजच्या दुधाची वेळ झालीच होती. टीव्हीवर मशिनं वाढायला लागली. आत जायला वाट नाही! पण खिडक्या? दोनाच्या तीन झाल्या. तिनाच्या पाच. मी खुळ्यासारखा फोनवर आकडे वाचून दाखवतोय आणि तिकडं पंगतीतनं शिट्ट्या! दूध आटोपलं, खिडक्या गपगुमान परत दोनावर आल्या. एक डेअरी अडली नाही.

सोमवारी साहेब सगळ्यांसमोर उठले. "कुणी हात न लावता चालतंय का, बघायचं हुतं. इलासरावांनी तर हात लावायची सोयच ठेवली न्हाई! ह्याच्याहून पक्की परीक्षा कुठली?"

तेजस्विनी टीम लीड झाली. ज्या खुर्चीसाठी जळलो, तिच्यावर तिला मीच नेऊन बसवली.

क्लाउडवाल्यांशी बोलून साहेबांनी सगळ्यांची खाती उघडून घेतली होती. फक्त माझं राहिलं होतं. मी मान खाली घालून नव्या टीम लीडसमोर उभा राहिलो. "मॅडम, माझं खातं उघडायचं तेवढं…"

ती गोड हसली.

"राहू दे की दादा. बरं चाललंय."